पुलगावहून आलेले अर्थ

वर्धा,
दि. १८ जुलै १९७७

ती. सौ. कमलावहिनी यांस,
नलूचा साष्टांग नमस्कार.

आपण एकमेकींना कधी पाहिलेलं नाही, त्यामुळे पत्र कसं सुरू करावं तेच कळेना. मी ओमदादाची धाकटी बहीण. इथे वसतिगृहात राहते, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे.

मागच्या रविवारी दादा वसतिगृहाच्या फाटकाशी आला होता. दोन वर्षांनी त्याला पाहिलं. भेटीला आत यायची परवानगी फक्त बाबांच्या नावाची, म्हणून आम्ही बाहेर कडुनिंबाखाली उभ्या उभ्याच बोललो. बोललो कसलं, तो मला तब्येत विचारत होता आणि मी त्याला. जाताना त्यानं पिशवीतून शब्दकोश काढून दिला. म्हणाला, "तुझ्या वहिनीचा आहे. तुले इंग्रजी जड जाते म्हणून दिला तिनं." आत तुमचं माहेरचं नाव आहे, आणि पानांच्या कडेला बारीक पेन्सिलीनं लिहिलेलं कितीतरी. शब्दकोशापेक्षा मी तेच जास्त वाचते.

तुमचं लग्न झालं तेव्हा मी पहिल्या वर्षाला होते. दादानं घरी न विचारता नागपूरला नोंदणी लग्न केलं, आणि तेही सेलूच्या बौद्ध घरातल्या मुलीशी, हे बाबांना भावकीतल्या कुणीतरी सांगितलं. त्या दिवसापासून आमच्या अल्लीपूरच्या घरात दादाचं नाव निघत नाही. आई त्याचा पितळी पेला इतर भांड्यांबरोबर घासते आणि पुन्हा फळीवर ठेवते. तेवढंच.

आता कामाचं. यंदा आम्हाला इंग्रजीला एक जुनं शोकांत नाटक आहे. एक म्हातारा राजा असतो. त्याचा थोरला मुलगा राजाला न विचारता एका कैद्याला सोडून देतो, त्याचा जीव वाचवतो, म्हणून राजा भर दरबारात मुलाला हद्दपार करतो. इथवर समजलं. पण भाषा इतकी जुनी आहे की ओळीला चार शब्द अडतात. सर म्हणतात, नुसते अर्थ पाठ करू नका, प्रत्येक शब्द स्वतःच्या वाक्यात वापरून आणा. 'बॅनिश' म्हणजे हद्दपार करणे. मी लिहिलं, राजानं मुलाला बॅनिश केलं. सर म्हणाले, हे पुस्तकातलं झालं, तुझं वाक्य कुठे आहे? माझं वाक्य मला सुचलं होतं वहिनी, पण ते वर्गात वाचता आलं नसतं.

तुम्ही शाळेत इंग्रजी शिकवता म्हणून विचारते. अडलेल्या शब्दांची यादी सोबतच्या कागदावर आहे. शब्द कसे शिकायचे? उत्तर पाठवाल तर वसतिगृहाच्या पत्त्यावर पाठवा. घरी नको.

तुमची,
नलू

*

पुलगाव,
दि. ५ ऑगस्ट १९७७

प्रिय नलूस,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र तुझ्या दादांनी आधी वाचलं, मग मला दिलं, मग पुन्हा मागून घेतलं. डेपोतून ड्यूटीवरून आले की खिशातून काढून बघतात. त्यातला आईंचा पेला घासण्याचा भाग त्यांना पाठ झाला आहे.

आता शब्द. मी सांगते ते पुस्तकात नाही, माझी आपली रीत आहे. शब्द वहीत लिहू नकोस, आधी तो कुणाला तरी चिकटव. मी लहान असताना 'स्टबर्न' हा शब्द आमच्या शेजारच्या बैलाला चिकटवला होता, तो आजही निघत नाही.

माझे वडील नत्थूजी सेलूच्या जिनिंग कारखान्यात रुईच्या गाठी उचलायचे. संध्याकाळी मला इंग्रजीचा धडा मोठ्यानं वाचायला लावायचे. त्यांना अर्थ कळत नसे, पण मी अडखळले की "पुन्हा वाच" म्हणायचे. त्यामुळे मला आधी आवाज कळला, अर्थ मागून आला. तूही नाटक मोठ्यानं वाच. ते बोलण्यासाठीच लिहिलेलं आहे.

तू विचारलेल्यांपैकी तीन घेते. 'फोरसेक' म्हणजे सोडणे, पण कोणतंही सोडणं नव्हे. बस सोडली, गाव सोडलं, तिथे हा शब्द चालत नाही. जो आपल्यावर भार टाकून उभा आहे त्याला सोडणं, ते फोरसेक. 'बिसीच' म्हणजे विनवणी, पण हात जोडून, पुन्हा पुन्हा. आणि 'यॉन्डर' म्हणजे तिकडे. साधं 'देअर' नाही. जिथवर नजर जाते पण पाय जात नाहीत, ते यॉन्डर.

हा शब्द मी तुझ्या दादांना चिकटवला आहे. रविवारी सकाळी ते दाढी करून एस.टी. स्टँडवर जातात. काम काही नसतं. हिंगणघाटकडची माणसं वर्ध्याहून बस बदलून येतात, त्यांत कुणी अल्लीपूरचं उतरतं का ते पाहतात. कधी कुणी ओळखीचं दिसलं तर लांबूनच पाहतात आणि परत येतात. एकदा मी विचारलं, बोलत का नाही? म्हणाले, "बोललो त थो मानूस घरी जाऊन सांगन. आनं बाबा त्याले इचारतीन का तू काऊन बोलला." मग घरात येऊन मला विचारतात, यंदा तिकडे पाऊस कसा असेल.

तर नलू, पुढच्या पत्रात तुमच्या तुरीचं आणि कपाशीचं जरा लिही. मला त्यातलं काही कळत नाही, पण लिही.

तू इकडे यायचं म्हणशील, म्हणून आधीच सांगते, येऊ नकोस. तीस किलोमीटर फार नाहीत, पण तुझं शिक्षण त्यावर टांगायचं नाही.

तुझी,
कमलावहिनी

*

वर्धा,
दि. २२ नोव्हेंबर १९७७

ती. वहिनी,
नमस्कार.

मधल्या काळात तुमची चार पत्रं आली आणि मी दोनच पाठवली, राग नसावा. सहामाही परीक्षेत इंग्रजीला वर्गात दुसरी आले. सरांनी माझं 'फोरसेक'चं वाक्य फळ्यावर लिहिलं. मी विहिरीवरच्या बैलाबद्दल लिहिलं होतं, पण तो बैल कोण ते तुम्हाला कळेल.

दिवाळीला घरी गेले होते. तूर फुलावर आहे, कपाशीची पहिली वेचणी झाली, नाल्याकडच्या वावरात बोंडं कमी आहेत. हे दादासाठी.

आता जे घडलं ते सविस्तर सांगते. तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी ओसरीत बसून नाटक मोठ्यानं वाचत होते. बाबा बाजेवर पडले होते. मला वाटलं झोपले. एकाएकी म्हणाले, "काय वाचून राह्यली वं? भांडन चालू आहे काय कोनाचं?"

मी म्हटलं, भांडणच आहे. आणि गोष्ट सांगितली. राजा, मुलगा, कैदी, हद्दपारी. आई आत पोळ्या लाटत होती. तिच्या लाटण्याचा आवाज थांबला.

बाबा बाजेवर उठून बसले. मग म्हणाले, "न इचारता केलं, हे खरं."

मी म्हटलं, "हो."

"पन केलं काय, त जीव वाचवला."

"हो."

"मंग राजाले राग कायचा आला? केल्याचा का न इचारल्याचा?"

वहिनी, हाच प्रश्न आमच्या सरांनी वर्गात विचारला होता. बाबा उठले आणि गोठ्यात गेले. दुसऱ्या दिवशी जेवताना ताटाकडे बघतच म्हणाले, "पुढं काय झालं त्याचं?" मी सांगितलं, वर्गात तिसऱ्या अंकापर्यंतच झालं आहे, पुढचं मला अजून नीट कळत नाही. "कयलं का सांगजो," म्हणाले.

आईनं निघताना खारातल्या मिरच्यांची बरणी दिली आहे. फक्त "पोचव" म्हणाली. माझ्या वर्गातली एक मुलगी दर शनिवारी पुलगावला घरी जाते, तिच्याबरोबर पाठवते आहे.

चौथ्या अंकात 'रिमोर्स' पुन्हा पुन्हा येतो. पश्चात्ताप एवढाच का त्याचा अर्थ? आणि 'पार्डन' आणि 'मर्सी' यांत फरक काय?

नलू

*

पुलगाव,
दि. १४ डिसेंबर १९७७

प्रिय नलूस,
सप्रेम जयभीम.

उत्तराला उशीर झाला. जरा अशक्तपणा आहे, शाळेतून रजा घेतली आहे. काळजीचं काही नाही.

बरणी पोचली. तुझ्या दादांनी ती कोनाड्यात ठेवली, तीन दिवस उघडलीच नाही. चौथ्या दिवशी झाकण काढून वास घेतला आणि पुन्हा बंद केलं. मी म्हटलं, अहो, खायला पाठवली आहे. तेव्हा एक मिरची काढून भाकरीवर ठेवली, अर्धी मला दिली. मी खाल्ली. फार चांगली होती. पण खरं सांगू? खाताना माझ्या मनात एकच होतं, आईंनी ही एकासाठी पाठवली की दोघांसाठी. तुला विचारत नाही, कारण तुलाही माहीत नसणार.

'रिमोर्स' या शब्दाच्या मुळाशी चावणं आहे. पुन्हा चावणं. केलेली गोष्ट माणसाला आतून परत परत चावत राहते. पश्चात्ताप एकदा होऊन थांबूही शकतो. हा थांबत नाही.

'मर्सी' म्हणजे दया. ती वरच्यानं खालच्यावर करायची असते. 'पार्डन' म्हणजे माफी, आणि तिच्यात आधी कुणीतरी गुन्हा केलेला असावा लागतो. नाटकात राजा मुलाला पार्डन देतो म्हणतो. शाळेच्या कपाटातून नाटक आणून मी ते पान वाचलं आणि पुस्तक मिटलं. मुलाचा गुन्हा कोणता होता?

नलू, तुझ्या पत्रातला बाबांचा भाग वाचून तुझे दादा रात्रभर जागे होते. त्यांना वाटतं आता बाबा बोलावतील. तुलाही तसंच वाटतं आहे, तुझ्या अक्षरावरून कळलं. म्हणून एक स्पष्ट लिहिते. मला माफी नको आहे. मी चोरून कुणाच्या घरात शिरलेली नाही. माझ्या वडिलांनी मला मान वर ठेवायला शिकवलं, तेही फार सोसून. उद्या तुझ्या बाबांनी मोठ्या मनानं आम्हाला माफ केलं, तर मी त्या घरात पाय ठेवणार नाही. मुलगा म्हणून, सून म्हणून बोलावलं तर अनवाणी येईन.

हे कुणाला सांगू नकोस. तुला सांगितल्याशिवाय मात्र राहवलं नाही.

शब्द पाठ होत आहेत ना? पाचव्या अंकाची यादी पाठव.

कमलावहिनी

*

वर्धा,
दि. २० फेब्रुवारी १९७८

ती. वहिनी,
सप्रेम जयभीम.

तुम्ही दर वेळी लिहिता आणि मी 'नमस्कार' लिहून मोकळी होते. आज बरोबर वाटलं म्हणून लिहिलं.

तुमचं ते पत्र मी पुष्कळदा वाचलं. आधी राग आला, खोटं कशाला सांगू. मग कळलं की राग मलाच माझा आला होता. 'पार्डन'चा अर्थ मला शब्दकोशातून कधीच कळला नसता.

आता घाईनं लिहिते, कारण मला काहीतरी विचारायचं आहे. परवा बाबा विहिरीच्या इंजिनाचा पट्टा घ्यायला वर्ध्याला आले होते. वसतिगृहात मला भेटायला आले. बाकावर बसले, पिशवीतून आईनं दिलेले मुरमुऱ्याचे लाडू काढून दिले आणि म्हणाले, "झालं काय तुझं थे नाटक?"

मी शेवट सांगितला. राजाला आपली चूक कळते. तो घोडेस्वाराच्या हाती हुकूम पाठवतो की मुलाला परत आणा. वाटेत नदीला पूर येतो, स्वार अडकतो, आणि तो पोचतो तेव्हा मुलगा परमुलखात मरून गेलेला असतो. स्वार परत येतो तेव्हा राजा त्याला विचारतो, "तो काही बोलला का?" तिथे नाटक संपतं.

बाबा एकदम चिडले. मी त्यांना असं चिडलेलं फार दिवसांत पाहिलं नव्हतं. "मानूस काऊन पाठवला? सोता जाता नाई आलं त्याले? राजा होता, घोडे होते, पाय होते."

मी म्हटलं, "बाबा, तो राजा ना. राजा कसा जाईल?"

"हेच त म्हन्तो मी," बाबा म्हणाले. मग पिशवी उचलली आणि गेले. चहासुद्धा घेतला नाही. मी फाटकापर्यंत पाहत होते. बाबा डावीकडे, स्टँडच्या वाटेला वळले. हिंगणघाटची बस आणि पुलगावची बस दोन्ही तिथूनच सुटतात, त्यामुळे काही कळलं नाही.

वहिनी, बाबा तुमच्याकडे आले का? कृपा करून लगेच कळवा. परीक्षा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आहे आणि माझं चित्त पुस्तकात नाही.

नलू

*

पुलगाव,
दि. २६ मार्च १९७८

प्रिय नलूस,
सप्रेम जयभीम.

तुझी तीन पत्रं आली, तिन्हींत एकच प्रश्न. महिना झाला, मी उत्तर लिहायला बसते आणि कागद बाजूला ठेवते. तुझ्या परीक्षेनंतर सांगावं असंही वाटलं. पण न सांगण्यानंच तुझा अभ्यास अडतो आहे, हे तुझ्या अक्षरावरून दिसतं.

आले होते. त्याच दिवशी, दुपारी. तुझे दादा ड्यूटीवर होते. दार वाजलं म्हणून मी उघडलं. पांढरं धोतर, टोपी, हातात पिशवी आणि बगलेत इंजिनाचा पट्टा. तुझ्या दादांचंच कपाळ. मी लगेच ओळखलं.

"ओमप्रकाश राह्यते काय इथं?"

मी म्हटलं, "राहतात. पाच वाजता येतील. आत या ना."

"नाई. इथं बसतो." आणि ओट्यावर बसले. बाहेर ऊन होतं. मी सतरंजी आणून टाकली, ती त्यांनी सरकवून दिली. मी आतून तांब्या-पेला घेऊन आले. त्यांनी पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली. "तहान नाई," म्हणाले. वर्ध्याहून भर दुपारी आलेला माणूस, नलू. ओठ सुकलेले दिसत होते.

मी पेला तिथेच ठेवून आत गेले. दार उघडंच ठेवलं. शेजारच्या बायका येता-जाता बघत होत्या. ते बसून होते, मी आत बसून होते. साडेचारच्या सुमाराला उठण्याचा आवाज आला. मी बाहेर आले. म्हटलं, "थोडा वेळ थांबा, येतीलच आता." ते म्हणाले, "बस चुकन." मी म्हटलं, "त्यांना काय सांगू?" त्यांनी पट्टा बगलेत मारला. गेले. पेला भरलेलाच होता.

तुझे दादा आले तेव्हा मी सांगितलं. सायकल दारातच टाकून पळत स्टँडवर गेले. बस गेली होती. अंधार पडल्यावर परत आले आणि ओट्यावर, जिथे बाबा बसले होते तिथे, बसले. जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, मी जाऊन येतो. मी म्हटलं, जा, मी अडवणार नाही. पिशवी भरली. मग काढून ठेवली. म्हणाले, "एकटा गेलो त बाबाले वाटन का हे आसंच ठीक आहे."

मला राग आहे, नलू. आणि त्या उन्हात बसलेल्या माणसाची कीवही आहे. इंग्रजीत यासाठी एक शब्द असेल तर तो मला माहीत नाही.

तू आता मन घट्ट करून परीक्षा दे. पाचव्या अंकातले शब्द मागच्या कागदावर लिहिले आहेत. 'हॉटी' म्हणजे गर्विष्ठ. 'टॅरी' म्हणजे रेंगाळणे, निघायचं असून न निघणे.

कमलावहिनी

*

अल्लीपूर,
दि. १९ एप्रिल १९७८

वहिनी,
जयभीम.

पेपर बरा गेला. ते सगळं नंतर. हे पत्र मी घरातूनच लिहिते आहे आणि गावच्या पेटीत टाकणार आहे. कुणी पाहिलं तर पाहू दे.

तुम्ही मला सांगितलं नाहीत. 'अशक्तपणा' लिहिलंत आणि मी खुळी तब्येतीला जपा लिहीत राहिले. दादानंही एका अक्षरानं कळवलं नाही. मला कुणाकडून कळलं माहीत आहे? आईकडून. आणि आईला बाबांकडून.

परीक्षा संपवून आले त्या संध्याकाळी आई मला मागच्या दारी घेऊन गेली. म्हणाली, बाबा वर्ध्याहून पट्टा घेऊन आले त्या दिवसापासून धड जेवत नाहीत. तिनं विचारलं तर अंगावर ओरडले. आठ-पंधरा दिवसांनी एकदा आपणहून बोलले. आईनं मला जसंच्या तसं सांगितलं, तसंच लिहिते:

"पुलगावले गेलतो. थो नव्हता. त्या पोरीनं पानी आनलं. पोटुशी आहे थे, तरी वाकून ठेवलं. मी घेतलं नाई. तहान लागली होती मले. काऊन घेतलं नाई, मलेच कयत नाई."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "काऊन घेतलं नाई." वखर चालवताना, अंघोळ करताना, जेवता जेवता. तानबाकाकांनी भावकीतल्या लग्नाचं बोलणं काढलं तेव्हा बाबा त्यांच्यासमोरच म्हणाले, "मी पानी नाई घेतलं पोरीच्या हातचं." काका म्हणाले, बरंच केलं. बाबा उठून गेले. तेव्हापासून त्या दोघांचं बोलणं बंद आहे.

पेपरात 'रिमोर्स' आला होता, राजाच्या स्वभावावरच्या प्रश्नात. मी दीड पान लिहिलं. राजाबद्दल किती लिहिलं आणि कुणाबद्दल किती, आता आठवत नाही.

वहिनी, का सांगितलं नाहीत? मी सांगितलं असतं तर आई उडत आली असती.

नलू

*

पुलगाव,
दि. ३० एप्रिल १९७८

प्रिय नलूस,
सप्रेम जयभीम.

तू रागावलीस ते योग्यच. म्हणून कारण सांगते. मागच्या वर्षी एक मूल पोटातच गेलं. तेव्हा आम्ही कुणालाच कळवलं नव्हतं, कळवायला कुणी नव्हतंच. या वेळी भीती होती. आणि दुसरं असं की पोटाच्या जोरावर मला तुमच्या घरात यायचं नव्हतं. नातवंडासाठी सून चालवून घेतली, असं व्हायला नको होतं.

तू एकोणीस तारखेला पत्र लिहिलंस, त्याच्या दोनच दिवस आधी मुलगी झाली. दोघी बऱ्या आहोत. माझी आई सेलूहून आली आहे. मुलीचं कपाळ तेच आहे, काय करणार.

तुझं पत्र मी दवाखान्यातून घरी आल्यावर वाचलं. ते "काऊन घेतलं नाई" मी तुझ्या दादांना वाचून दाखवलं नाही. जमलं नाही. त्यांनी स्वतः वाचलं आणि मुलीला मांडीवर घेऊन बाहेर जाऊन बसले.

माझा राग गेला असं लिहिणार नाही. पण तो आधी एका जागी होता, आता कुठे ठेवावा ते कळत नाही. तुझ्या बाबांना काही सांगायला मी सांगत नाही. विचारलं तर मात्र खरं सांग की मुलगी झाली.

निकाल लागला की तार कर.

कमलावहिनी

*

अल्लीपूर,
दि. ११ जून १९७८

चि. सौ. कमला हिस,
बबनराव यांचे आशीर्वाद.

मी चौथी पास आहे. लिवाची सवय तुटली. नलू म्हने मी लिहून देतो, मी नाई म्हन्लं. चुका होतीन, तू मास्तरीन आहे, समजून घेजो.

पाच दिवसाआंधी नलूचा निकाल आला. इंग्रजीत फस्ट क्लास आहे. तिनं पह्यले मले सांगतलं का हे मार्क वहिनीचे आहेत. मंग म्हने तुमाले नात झाली, आता पावनेदोन मयने होतीन. मी इचारलं, आतापरेंत काऊन सांगतलं नाई. थे म्हने, तुमी इचारलं नाई.

त्या दिवशी मी तुह्या दारी येऊन तसाच गेलो. थे मी आता दुसऱ्या कोनाले सांगत नाई, सगळ्यायले सांगून झालं. तुलेच सांगाचं राह्यलं होतं. तुह्याकडून काही चुकलं नाई. चुकलं असन त माह्यं. हे लिवाले मले चार दिवस लागले.

भावकी बोलते. तानबा बोलत नाई. भावकीतल्या वास्तुपूजेले आमाले कोनी बोलावलं नाई. लीलाबाई, म्हनजे तुही सासू, रडते, मंग हासते, मंग पोरीसाठी झबले शिवते. तिनं ढीगभर झबले शिवले. एवढी पोरगी मोठी होयेपरेंत पुरतीन.

आमी येत्या बेस्तरवारी, पंधरा तारखेले, येतो. मी, लीलाबाई आनं नलू. सकायच्या बसनं निंगू, अकरापरेंत पोचू. सयपाक करून ठेवजो, तुह्या हातचा जेवाचं आहे. ओमप्रकाशले सुट्टी नाई भेटली तरी चालन. त्याच्याशी मंग बोलीन. मले पह्यले तुह्याशी बोलाचं आहे. तुही माय तिथं असन त तिलेही थांबाले सांग, आमची गाठ पडली नाई अजून.

मंग तुमाले तिघायले घेऊन जाचं आमच्या मनात आहे. तू येशीन का नाई, थे तू ठरव. मी जबरी करत नाई.

पोरीचं नाव काय ठेवलं? नलूले मी इचारलं नाई, तुले इचारतो. आमी येऊ तवा झोपली असन त उठवजो नोको. तिची झोप झाली का पाहीन. मले घाई नाई.

बबनराव